हांक आणि पारख

ईश्वर मनुष्याशीं बोलतो काय, आणि बोलत असल्यास तें बोलणें ईश्वराचेंच आहे हें ऐकणारानें कशावरून ओळखावें, हा प्रश्न धर्मविचाराइतकाच जुना आहे. नास्तिकास तो सोपा वाटतो; कारण त्याच्या मतें बोलणाराच नाहीं, तेव्हां बोलणें कोठून येणार? श्रद्धाळूसही तो पुष्कळदां सोपाच वाटतो. कारण ज्याला त्यानें एकदां गुरु मानलें त्याच्या तोंडचा प्रत्येक शब्द त्याला ईश्वराचाच भासूं लागतो. खरी अडचण होते ती या दोहोंच्या मधल्या मनुष्याची. ईश्वर नाहीं असें त्याच्यानें म्हणवत नाहीं, आणि ईश्वराच्या नांवानें बोलणाऱ्या हरएकावर विश्वास टाकणेंही त्याच्या विवेकास पटत नाहीं. आमचे बहुतेक वाचक याच वर्गांतले असावेत, आणि आम्हीही त्यांच्यांतलेच. अशा मनुष्यानें यहुदी लोकांचा धर्मग्रंथ, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला बायबलाचा जुना करार म्हणतात तो, धर्मांतराच्या आशेनें किंवा भीतीनें नव्हे, तर केवळ विचाराच्या दृष्टीनें एकवार लक्षपूर्वक वाचावा असें आम्हांस वाटतें. ईश्वराचें बोलावणें आलेल्या माणसांच्या कथा त्यांत पुष्कळ आहेत. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, न आलेलें बोलावणें आलें म्हणून सांगणारांच्या कथाही त्याच ग्रंथांत आहेत, आणि खरा कोण व खोटा कोण हें ठरविणें किती कठीण असतें हें त्याच्या कर्त्यांनीं लपविलेलें नाहीं.

प्रथम शब्दाचा विचार करूं. इंग्रजी ग्रंथांवरून ज्यांचा या विषयाशीं परिचय झाला त्यांच्यापैकीं अनेकांची अशी समजूत असते कीं, प्रॉफेट म्हणजे भविष्य सांगणारा. हिब्रू भाषेंतील मूळ शब्द ‘नाबी’ असा आहे. अक्कादी भाषेंतील ‘बोलावणें’ या अर्थाच्या धातूशीं त्याचा संबंध असावा, व ‘ज्याला बोलावणें आलें तो नाबी’ असा त्याचा अर्थ असावा, असें पुष्कळ पंडितांचें मत आहे. त्याचें कार्य काय हें निर्गमाच्या पुस्तकांत एका साध्या उदाहरणानें सांगितलें आहे. मोशेची जीभ जड होती. म्हणून त्याचा भाऊ अहरोन यानें त्याच्या वतीनें फारोपुढें बोलावें असें ठरलें. आणि या नात्यानें अहरोन हा मोशेचा नाबी होय, असें तेथें म्हटलें आहे. म्हणजे दुसऱ्याचें म्हणणें आपल्या तोंडानें पोंचविणारा तो नाबी. मराठी बायबलांतील ‘संदेष्टा’ हा शब्द या अर्थास चांगला जुळतो. भविष्य हा त्याच्या बोलण्याचा एक भाग असे, सर्वस्व नव्हे. ज्याला पुढें नाबी म्हणूं लागले त्याला पूर्वीं द्रष्टा म्हणत, असा खुलासा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत आहे. बापाचीं हरवलेलीं गाढवें कोठें सांपडतील हें विचारण्यास तरुण शौल ज्याच्याकडे गेला तो शमुवेल लोकांच्या लेखीं द्रष्टा होता. तोच शौल राजा झाल्यावर त्याला तोंडावर दोषी ठरविणारा शमुवेल हा संदेष्टा होय. द्रष्ट्यापासून संदेष्ट्यापर्यंतचा हा प्रवास कुतूहलापासून नीतीपर्यंतचा प्रवास आहे.

बोलावणें येतें कसें, हें सांगण्याविषयीं हे लेखक विलक्षण उदासीन आहेत. परमेश्वराचें वचन अमक्याकडे आलें, एवढें सांगून ते पुढें जातात. मूळ हिब्रूंत येथें जें क्रियापद आहे तें ‘होणें’ या अर्थाचें आहे. आणि वचन या अर्थीं योजिलेल्या ‘दाबार’ या शब्दाचा अर्थ वस्तु किंवा घटना असाही होतो. अर्थात् वचन हें केवळ कानांवर पडलें असें नव्हे, तर एखादी घटना घडावी तसें त्या मनुष्याच्या आयुष्यांत घडलें. कधीं तें जळत असून भस्म न होणाऱ्या झुडपांतून येतें, कधीं झोपेंत येतें, कधीं मंदिरांतल्या धुरांत येतें. बाबेलांत हद्दपार होऊन राहिलेल्या यहेज्केलाला तें इ. स. पू. ५९३ च्या सुमारास खबार नांवाच्या कालव्याच्या कांठीं आलें. म्हणजे यरुशलेमचें मंदिर शेंकडों कोस मागें राहिलें असतां, परक्यांच्या भूमीवर आलें. यिर्मयाला तें बदामाची डाहळी पाहतांना आलें आणि कुंभाराच्या चाकाशीं उभें असतां आलें. एलीयाची कथा तर प्रसिद्धच आहे. जिवाच्या भीतीनें पळून तो होरेब पर्वतावरील गुहेंत लपला. तेथें डोंगर फोडणारा वारा सुटला, भूमिकंप झाला, अग्नि आला. पण या तिहींतही परमेश्वर नव्हता. शेवटीं जें आलें त्याचें वर्णन करणारे तीन हिब्रू शब्द भाषांतरकारांना आजवर छळीत आले आहेत. अगदीं बारीक अशा शांततेचा नाद, असा कांहींसा त्यांचा अर्थ होतो.

पुढील काळांतील तत्त्ववेत्त्यांनीं या प्रकारांची चिकित्सा केली आहे. बाराव्या शतकांतील यहुदी पंडित मैमोनिदीस यानें ईश्वरी संदेशाच्या अकरा पायऱ्या कल्पिल्या, आणि मोशेखेरीज इतर सर्व संदेष्ट्यांस तो संदेश कल्पनाशक्तीच्या द्वारें, स्वप्नांत किंवा दर्शनांत मिळाला असें प्रतिपादन केलें. स्पिनोझानें १६७० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत याच्याही पुढें जाऊन सांगितलें कीं, संदेष्ट्यांची बुद्धि इतरांहून श्रेष्ठ नव्हती, कल्पनाशक्ति मात्र तीव्र होती. आणि त्यांची निश्चिति गणितासारखी नसून नैतिक स्वरूपाची होती. ही चिकित्सा मोलाची आहे. पण ध्वनि कोणत्या वाटेनें आला हें कळल्यानें तो कोणाचा हें कळत नाहीं. म्हणून आम्ही वाटेचा विचार सोडून, ज्याच्या दारीं ही हांक आली त्या मनुष्याचें काय होतें तें पाहतों.

पहिली गोष्ट दिसते ती ही कीं, बहुतेकांना ही हांक नको असते. मोशे सासऱ्याचीं मेंढरें चारीत होता. मिसरांत जाऊन आपल्या लोकांना सोडवून आण, अशी आज्ञा होतांच त्यानें एकामागून एक पांच अडचणी पुढें केल्या: मी असा कोण लागून गेलों, तुझें नांव विचारलें तर काय सांगूं, लोकांचा माझ्यावर विश्वास बसणार नाहीं, मला बोलतां येत नाहीं, आणि अखेर, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. पहिल्या चार अडचणींना उत्तरें मिळालीं. पांचवी अडचण नव्हतीच, ती नुसती नाखुषी होती, आणि तिच्यावर परमेश्वर रागावला असें कथा सांगते. अनाथोथ गांवच्या यिर्मयाला योशीया राजाच्या तेराव्या वर्षीं, म्हणजे इ. स. पू. ६२७ च्या सुमारास, बोलावणें आलें तेव्हां आपण अजून पोर आहों असें त्यानें सांगून पाहिलें. योना तर निनवेला जाण्याऐवजीं उलट दिशेला तार्शीशकडे जाणाऱ्या गलबतांत भाडें भरून बसला. यहेज्केल आपल्या देशबांधवांत जाऊन सात दिवस सुन्न होऊन बसून राहिला. आमोस हा तकोवाचा गुराखी व उंबरासारखीं फळें जोपासणारा. बेथेलचा पुरोहित अमस्या यानें, यहूदांत जा आणि तेथें संदेश सांगून पोट भर, असा टोमणा मारला, तेव्हां आपण संदेष्टाही नव्हों व संदेष्ट्याचा पुत्रही नव्हों, असें त्यानें उत्तर दिलें. हा माझा पोटाचा धंदा नव्हे. मला गुरांमागून उचलून आणलें आहे, हा त्याचा भावार्थ.

याला अपवाद नाहीं असें नाहीं. यशयानें, कोणाला पाठवूं असा प्रश्न ऐकतांच, आपण होऊन स्वतःस पुढें केलें. उज्जीया राजा मेला त्या सालची, इ. स. पू. ७४० च्या सुमारची ही गोष्ट. पण आपण होऊन गेलेल्या यशयाला मिळालें काय? लोक ऐकतील पण समजणार नाहींत, पाहतील पण उमजणार नाहींत, असा संदेश! कोणताही उमेदवार असल्या जागेसाठीं अर्ज करणार नाहीं.

या नाखुषीचा अर्थ आम्हांस असा दिसतो. मनुष्याची इच्छा आणि त्याला आलेली हांक हीं दोन निराळीं आहेत, हें दाखविण्याची ग्रंथकारांची धडपड आहे. स्वार्थानें, लोकेषणेनें किंवा सूडबुद्धीनें जें बोलावेंसें वाटतें तें बोलण्यास कोणी आढेवेढे घेत नाहीं. यिर्मयानें तर हें द्वंद्व उघड मांडलें आहे. तूं मला भुलविलेंस, मी हंसण्याचा विषय झालों, आतां तुझें नांवही काढणार नाहीं, असें तो परमेश्वराला सुनावतो. आणि लगेच कबूल करतो कीं, न बोलावें तर हाडांत कोंडलेल्या आगीसारखें कांहीं आंत पेटतें व तें आवरतां आवरत नाहीं. येथें अर्वाचीन मानसशास्त्रज्ञ म्हणेल कीं, मनाचे थर अनेक असतात. खालच्या थरांतली एक इच्छा वरच्या थरांतल्या दुसऱ्या इच्छेशीं झगडते, तिलाच हा मनुष्य ईश्वर म्हणतो. हा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाहीं. नाखुषी हा ईश्वराचा पुरावा नव्हेच. वेड्यालाही नको असलेले आवाज ऐकूं येतात. नाखुषीनें इतकेंच सिद्ध होतें कीं, बोलणारा आपल्या फायद्यासाठीं बोलत नाहीं. पण बाजारांत जेथें शंभरांतले नव्वद फायद्यासाठींच बोलतात तेथें एवढी खूणही टाकाऊ नाहीं.

दुसरी गोष्ट शमुवेलाच्या बालपणच्या कथेंत आहे. शिलो येथील मंदिरांत हा मुलगा वृद्ध याजक एली याच्यापाशीं राहत असे. त्या दिवसांत परमेश्वराचें वचन दुर्मिळ झालें होतें असें कथाकार प्रारंभींच सांगतो. रात्रीं मुलाला कोणी तरी नांव घेऊन हांक मारली. तो उठून एलीकडे धांवला. एलीनें हांक मारलीच नव्हती. असें तीनदां झालें. तेव्हां त्या म्हाताऱ्याच्या, ज्याची दृष्टि जवळजवळ गेली होती त्याच्या, ध्यानांत आलें कीं ही हांक कोणाची, आणि पुन्हां आली तर काय उत्तर द्यावें हें त्यानें मुलाला शिकविलें. चौथ्या खेपेस शमुवेलानें तसें उत्तर दिलें; आणि त्याला मिळालेला पहिलाच संदेश हा कीं, एलीच्या दुराचारी पुत्रांमुळें त्याच्या घराण्याचा नाश होणार! सकाळीं मुलगा बोलेना. तेव्हां एलीनें शपथ घालून तें वदवून घेतलें, आणि तो परमेश्वर आहे, त्याला बरें दिसेल तें तो करो, अशा आशयाचे शब्द काढून तें मान्य केलें.

ही कथा लहान मुलांच्या पुस्तकांत घालतात, पण ती मोठ्यांची आहे. ज्याला हांक आली त्याला ती ओळखतां आली नाहीं. ज्याला ओळखतां आली त्याला ती आली नव्हती. आणि ओळखणाऱ्यानें मुलाला जें ऐकावयास शिकविलें तें त्याच्याच विरुद्ध निघालें. आपल्याविरुद्ध जाणारा शब्दही ईश्वराचा असूं शकतो हें मान्य करण्याची ही जी तयारी, तीच परंपरेची खरी योग्यता होय. एली दुबळा बाप होता. पण हें एक काम त्यानें थोर माणसासारखें केलें.

आतां खोट्यांकडे वळूं. इस्राएलचा राजा अहाब यानें रामोथ-गिलादवर स्वारी करण्यापूर्वीं सुमारें चारशें संदेष्टे जमविले, आणि सर्वांनीं एकमुखानें जय होईल असें सांगितलें. त्यांच्यांतल्या सिद्कीयानें तर लोखंडाचीं शिंगें करून शत्रूला कसें हुंदडावें तें दाखविलें. यहूदाचा राजा यहोशाफाट याला या एकमताचाच संशय आला असावा. दुसरा कोणी नाहीं काय, असें त्यानें विचारलें. एक मीखाया आहे, पण तो माझ्याविषयीं कधींच बरें बोलत नाहीं म्हणून मला तो आवडत नाहीं, असें अहाबानें प्रांजलपणें सांगितलें. मीखायाला आणण्यास गेलेल्या जासुदानेंही, बाकीचे बोलले तसेंच बोल, अशी सल्ला त्याला दिली. पण त्यानें पराभव सांगितला, गालावर चपराक खाल्ली, आणि तुरुंगांत तुटपुंज्या भाकरीपाण्यावर राहिला. अहाब वेष पालटून लढाईस गेला व एका सहज सोडलेल्या बाणानें मेला.

असे प्रकार इस्राएलांतच होत असें नाहीं. फ्रेंच संशोधकांनीं १९३३ पासून फरात नदीकांठच्या मारी या नगराचें उत्खनन केलें, तेव्हां इ. स. पू. अठराव्या शतकांतील राजदप्तर मातीच्या विटांवर लिहिलेलें सांपडलें. त्यांत देवतांचे संदेश राजाला कळविणारीं पत्रें आहेत. आणि संदेश सांगणाऱ्याचे केंस व वस्त्राचा कांठ शकुनांनीं पडताळून पाहण्यासाठीं राजाकडे धाडीत, असेंही त्यांवरून दिसतें. म्हणजे पारखीची गरज तेव्हांही भासत होती. निनवेच्या दप्तरांत इ. स. पू. सातव्या शतकांतील असुरी राजांना मिळालेले देवतावचनांचे संग्रह आहेत. राजाला धीर देणें व त्याच्या शत्रूंचा नाश वर्तविणें हाच त्यांचा मुख्य सूर. राजे आपल्या दप्तरांत दुसरें काय जपून ठेवणार? इस्राएलाचा विशेष हा कीं, त्यांनीं दरबारच्या चारशें जणांचीं नांवें विसरूं दिलीं आणि तुरुंगांतल्या एकट्याचें बोलणें जपून ठेविलें.

तथापि निकाल लागल्यावर खरें कोणतें हें सांगणें सोपें आहे, निकालापूर्वीं काय? अनुवादाच्या पुस्तकांत एक कसोटी दिली आहे: सांगितलेलें घडलें नाहीं तर तें परमेश्वराचें बोलणें नव्हे. पण ही कसोटी ज्याला आजच निर्णय करावयाचा आहे त्याच्या कामाची नाहीं. शिवाय त्याच पुस्तकांत असेंही बजावलें आहे कीं, एखाद्यानें सांगितलेलें चिन्ह खरें ठरलें तरीही, तो अन्य देवतांकडे नेत असेल तर त्याचें ऐकूं नये. आणि योनाची कथा तर कसोटी पार उलटी करते. चाळीस दिवसांत निनवे धुळीस मिळेल असें तो सांगून आला, लोकांनीं पश्चात्ताप केला, नगर वांचलें. भविष्य खोटें ठरलें म्हणूनच संदेश सफळ झाला! योना मात्र रुसून बसला. त्याला नगरापेक्षां आपल्या शब्दाची चिंता अधिक.

या अडचणीचें सर्वांत हृदयस्पर्शी चित्र यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत आहे. बाबेलच्या राजापुढें मान वांकवावी लागेल हें दाखविण्यासाठीं यिर्मया खांद्यावर लांकडी जूं घेऊन हिंडत होता. गिबोनाचा हनन्या मंदिरांत सर्वांसमक्ष म्हणाला कीं, दोन वर्षांत बाबेलचें जूं मोडेल, लुटून नेलेलीं पात्रें परत येतील, हद्दपार झालेले लोक घरीं येतील. दोघेही परमेश्वराच्या नांवानें बोलत होते. हनन्याचें बोलणें लोकांना हवेंसें होतें, देशाभिमानाचें होतें, आणि पूर्वीं एकदां यशयाच्या काळीं यरुशलेम खरोखरच असुरी सैन्यापासून वांचलें होतें. यिर्मयानें काय करावें? तथास्तु, परमेश्वर तसेंच करो, असें तो म्हणाला. शांतीचें भाकीत घडून आल्यावरच खरें मानावें, एवढेंच त्यानें जोडलें. हनन्यानें त्याच्या खांद्यावरचें जूं काढून मोडून टाकलें. आणि यिर्मया आपल्या वाटेनें निघून गेला.

हें निघून जाणें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. त्या क्षणीं त्याच्याजवळ उत्तर नव्हतें. म्हणून त्यानें उत्तर दिलें नाहीं. लांकडाच्या जागीं आतां लोखंडाचें जूं येईल, हें वचन त्याला मागाहून आलें, आणि तें सांगण्यास तो परत गेला. यरुशलेमच्या पाडावानंतरही असेंच झालें. उरलेल्या लोकांनीं, येथें राहावें कीं मिसरांत पळावें, हें परमेश्वराला विचारण्याची त्याला विनंति केली. उत्तर येण्यास दहा दिवस लागले. घाबरलेले लोक दारांत उभे असतां हा मनुष्य दहा दिवस गप्प राहिला! आणि उत्तर मिळाल्यावर, तूं खोटें बोलतोस, असें म्हणून ते त्यालाही घेऊन मिसरास गेले. दावीद राजाच्या पदरीं असलेल्या नाथानाची गोष्टही याच जातीची. राजानें मंदिर बांधण्याचा मनोदय सांगतांच नाथानानें, मनांत आहे तें कर, असा होकार दिला. पण त्याच रात्रीं उलट वचन आलें आणि सकाळीं त्याला राजापाशीं आपला शब्द परत घ्यावा लागला. स्वतःचें मत आणि ईश्वराचें वचन यांतलें अंतर ज्याला ठाऊक असतें तोच असें करूं शकतो. ज्याला केव्हांही, कोणत्याही प्रश्नाचें उत्तर तयार असतें त्याच्याकडे ईश्वर बोलत नसून तो स्वतःच स्वतःशीं बोलत आहे, असें मानण्यास हरकत नाहीं.

येथपर्यंतचा मार्ग सुगम होता. पण या ग्रंथांत अशाही आज्ञा आहेत कीं ज्या वाचून मन थरारतें. आणि त्यांना बगल देऊन केलेला विचार प्रामाणिक होणार नाहीं. अमालेकी लोकांना बायकामुलांसुद्धां ठार कर, असें शमुवेल परमेश्वराच्या नांवानें शौलाला सांगतो. अब्राहामाला, ज्याला त्याच ग्रंथांत एके ठिकाणीं नाबी म्हटलें आहे, आपल्या पुत्राचा बळी देण्याची आज्ञा होते. कांट यानें १७९८ सालीं लिहिलें कीं, अब्राहामानें असें उत्तर द्यावयास हवें होतें: मीं पुत्राला मारूं नये हें मला निश्चित ठाऊक आहे, तूं ईश्वर आहेस हें मात्र मला निश्चित ठाऊक नाहीं. कीर्केगोर यानें १८४३ सालीं नेमकी उलट बाजू घेतली: नीतीच्याही पलीकडे जाऊन ईश्वरापुढें एकटा उभा राहणारा अब्राहाम हाच श्रद्धेचा आदर्श. दोघांच्याही लिखाणांत प्रामाणिकपणा आहे; पण ज्या मुलाच्या गळ्यावर सुरी आहे त्याच्या बाजूनें पाहिल्यास आमचें मत कांटकडे झुकतें. कथेंतही शेवटची हांक, हात आवर, अशीच आहे. आणि पहिल्या हांकेचा निर्णय शेवटच्या हांकेवरून करावा, असें आम्ही म्हणतों.

परंतु याहूनही बोलका पुरावा दुसरीकडे आहे. होरेबावर त्या सूक्ष्म शांततेनंतर एलीयाला जीं कामें सांगण्यात आलीं त्यांत येहूला राज्याभिषेक करणें हें एक होतें. पुढें अलीशानें आपला एक शिष्य पाठवून तें करविलें. येहूनें इ. स. पू. ८४१ च्या सुमारास अहाबाचें सारें घराणें कापून काढलें; सत्तर राजपुत्रांचीं शिरें इज्रेलच्या वेशीशीं दोन ढिगांत रचलीं. राजांच्या पुस्तकांत या कृत्याबद्दल त्याची परमेश्वराकडून प्रशंसा आहे. शंभर वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तोंच होशेय हा संदेष्टा उभा राहिला. आपल्या पहिल्या मुलाचें नांव इज्रेल असें ठेव, कारण इज्रेलच्या रक्तपाताबद्दल येहूच्या घराण्याला शासन होणार आहे, असें वचन त्याला आलें. एका संदेष्ट्याच्या शब्दानें झालेल्या कत्तलीचा दुसऱ्या संदेष्ट्याच्या शब्दानें निषेध! आणि ज्यांनीं हा ग्रंथ एकत्र केला त्यांनीं दोन्ही वचनें ठेविलीं. एकानें दुसरें पुसलें नाहीं.

आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर येथें सांपडतें. बायबलांतील ईश्वराचें बोलणें म्हणजे एका क्षणीं ऐकूं आलेलें निर्णायक वाक्य नव्हे. तें अनेक शतकें चाललेलें संभाषण आहे, आणि त्यांत मागचें ऐकणें चुकलें असल्यास पुढचें ऐकणें तें सुधारतें. आमोसानें आणि यशयानें यज्ञांहून न्याय श्रेष्ठ ठरविला तेव्हां त्यांनीं हेंच केलें. म्हणून ज्याला हांक आली असें वाटतें त्याची निश्चिति कितीही गाढ असो, ती त्याच्यापुरती. इतरांच्या विवेकाला ती बांधूं शकत नाहीं. त्यानें बोलावें, इतरांनीं पारखावें. आणि पारखतांना हें पाहावें कीं, हा जें सांगतो तें त्याला स्वतःला हवेंच होतें काय. त्याची किंमत प्रथम कोण देणार, तो कीं दुसरे. आणि उत्तर नसेल तेव्हां त्याला गप्प राहतां येतें काय.

हा प्रश्न केवळ पॅलेस्टाइनचा किंवा केवळ प्राचीन काळाचा नाहीं. १९३३ सालीं पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगांत महात्मा गांधींनीं एकवीस दिवसांच्या उपवासाचा निश्चय केला. ८ मे रोजीं तो सुरू झाला. मनांत झगडा चालला असतां आपणांस स्पष्ट आवाज ऐकूं आला असें त्यांनीं पुढें ‘हरिजन’ पत्रांत लिहिलें, आणि संशय घेणाऱ्याला पटेल असा पुरावा आपल्याजवळ नाहीं हेंही सांगितलें. उपवासानें दुसऱ्यांवर दडपण येतें हा आक्षेप विचारार्ह आहे. पण ऐकलेल्या आज्ञेचा भार त्यांनीं आधीं स्वतःच्या देहावर घेतला आणि न मानणाऱ्याचा न मानण्याचा हक्क कबूल केला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्याच शतकांत नियतीनें आपणांस नेमलें आहे असें सांगून ज्यांनीं युरोपला आग लावली त्यांनीं किंमत दुसऱ्यांकडून घेतली आणि न मानणाऱ्यांसाठीं छावण्या बांधल्या.

शेवटीं ऐकणारांचें कर्तव्य राहतें, आणि आपणांपैकीं बहुतेकांच्या वांट्याला तेंच येणार. मंदिर ओसाड होईल असें यिर्मया बोलला तेव्हां याजकांनीं व संदेष्ट्यांनीं त्याला धरून मृत्युदंड मागितला. त्या सभेंत देशांतले कांहीं वडील माणसें उठलीं आणि म्हणालीं कीं, सुमारें शंभर वर्षांमागें मीखा नांवाच्या खेडुतानें हेंच सांगितलें होतें; तेव्हांच्या राजानें त्याला मारलें नाहीं, उलट तो परमेश्वराला शरण गेला. या वडील माणसांचीं नांवें ग्रंथांत दिलेलीं नाहींत. त्यांना दर्शन झालें नव्हतें, झुडूप जळलें नव्हतें, ओंठांना निखारा लागला नव्हता. जुनें बोलणें त्यांच्या स्मरणांत होतें आणि वेळेवर उठून तें सांगण्याचें धैर्य त्यांच्या अंगीं होतें, इतकेंच. त्या दिवशीं यिर्मया वांचला. त्याच अध्यायांत पुढें उरीया नांवाच्या दुसऱ्या एका संदेष्ट्याची हकीकत आहे. तोही असेंच बोलला होता. मिसरांत पळून गेला असतां राजाच्या माणसांनीं त्याला धरून आणलें आणि राजानें तरवारीनें मारून त्याचें प्रेत सामान्य लोकांच्या स्मशानांत टाकलें. त्याच्यासाठीं कोणी उठल्याचें तेथें लिहिलेलें नाहीं. ईश्वराची हांक कोणाला यावी हें आपल्या हातीं नाहीं. पण ज्याला ती आली असेल त्याच्या सभेंत आपण उठणार कीं बसून राहणार, हें मात्र पूर्णपणें आपल्याच हातीं आहे.